न्यूयॉर्कचं विमान म्हणे मुद्दाम वळसा घालतं!

आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीच्या ग्रुपवर चार दिवस एक फॉरवर्ड फिरतंय. नकाशावर मुंबई ते न्यूयॉर्क सरळ लाल रेघ, शेजारी विमानाचा मार्ग कमानीसारखा वर आइसलँडकडे गेलेला, आणि खाली लिहिलंय की 'बघा, कंपन्या मुद्दाम वळसा घालतात, तिकीट महाग करायला, सरळ गेलं तर हजारो किलोमीटर वाचतील'. त्यावर हात जोडलेले इमोजी.

अहो, पण ती लाल रेघच लांबची आहे ना! भाच्याचा पृथ्वीगोल घेतला, आईच्या डब्यातला शिवणाचा दोरा घेतला, एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबलं, दुसरं न्यूयॉर्कवर धरून ताणलं, तर दोरा आपोआप सरकत वर गेला, रशिया, नॉर्वे, आइसलँड, ग्रीनलँडचं खालचं टोक असा. मग तेवढाच दोरा त्या लाल रेघेवरून म्हणजे सौदी, इजिप्त, अल्जीरिया असा लावला तर न्यूयॉर्कच्या आधीच दोन बोटं कमी पडला. आकड्यात सांगायचं तर कमानीने साधारण १२,५०० किमी आणि लाल रेघेने १४,२००. भिंतीवरचा नकाशा उत्तरेकडे ताणलेला असतो, ६० अंश अक्षांशावर दोन रेखांशांमधलं अंतर विषुववृत्तावरच्या निम्मं असतं, पण नकाशात सारखंच दिसतं, सगळा घोळ तिथे.

तिकिटाचं म्हणाल तर हे काय रिक्षाचं मीटर आहे का, जितकं फिरवाल तितकं पडेल? तिकीट आधीच विकलेलं असतं, जास्तीचं इंधन कंपनीच्याच बोकांडी.

हां, प्रत्यक्ष उड्डाण कधीकधी या १२,५०० हून बरंच जास्त भरतं, ते खरंय. ठाण्याहून बोरिवली नकाशात हाकेच्या अंतरावर, पण मध्ये नॅशनल पार्क, म्हणून आपण घोडबंदरवरून जातोच की. तसंच एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपल्या कंपन्यांना हवाई हद्द बंद केली तर विमानं अरबी समुद्रावरून फिरून जायला लागली. आणि वारा! २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं, १५,३०० किमी, म्हणजे १,४०० किमी जास्त, तरी पोचलं जवळपास दोन तास लवकर, कारण वर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचा जोरदार वारा वाहतो आणि तो पाठीमागून ढकलत होता.

राहिली खालची कमेंट, की पृथ्वी फिरतेच आहे तर विमान नुसतं वर थांबलं तरी अमेरिका खाली येईल. भाऊ, ठाणे-वाशी लोकलमध्ये शेंगदाणा वर उडवला तर तो मागच्या डब्यात पडतो का? हवासुद्धा पृथ्वीबरोबर फिरते, आपल्याकडे ताशी साधारण १,५८० किमीने. आणि समजा थांबलंच विमान, तरी मुंबई १९ अंशावर, न्यूयॉर्क जवळपास ४१ वर, त्यामुळे पावणेदहा तासांनी खाली येईल ते हैती. तिथून पुढचं तिकीट वेगळं काढा.