‘चिप हलवा, गेम नवा’: रील कुठे गंडतंय

गेल्या आठवड्यात एकच रील मला चौघांनी पाठवलं. दावा असा: माळ्यावरचा टीव्ही गेम मेलाय? हॉट एअरने दोन मिनिटांत त्यातली मोठी चिप काढा, पाचशे रुपयांच्या नव्या बोर्डावर बसवा, गेम नवा. चिप म्हणजेच कन्सोल, बाकी नुसत्या तारा. कुठलीही चिप चालते. जुना बोर्ड भंगारात द्या.

मी हा उद्योग केलाय, तेव्हा ‘होत नाही’ असं म्हणणार नाही. होतं. पण असं नाही.

‘बाकी नुसत्या तारा’ हे आधी घेऊ. निन्टेन्डोच्या एनईएसमध्ये, म्हणजे आपल्या टीव्ही गेमच्या मूळ अवतारात, मोठी चिप एक नाही, दोन आहेत, प्रत्येकी ४० पायांच्या. २ए०३ हा सीपीयू, आवाजही तोच काढतो. चित्राचं काम पीपीयूचं. हा पीपीयू त्याच आठ पायांवरून आधी मेमरीतला पत्ता पाठवतो आणि मग डेटा घेतो. मधल्या वेळात पत्ता धरून ठेवायला ७४एलएस३७३ हा छोटा आयसी लागतो. तो विसरलात तर पडद्यावर नुसता कचरा. शिवाय २ केबीचे दोन रॅम, पत्त्यांची वाटणी करणारा १३९ हा आणखी एक आयसी, व्हिडिओच्या पायापुढचा ट्रान्झिस्टर. या सगळ्याला तारा म्हणायचं असेल तर म्हणा.

खरी मेख ‘कुठलीही चिप चालते’ या वाक्यात आहे. नव्वदच्या दशकात आपण कॅसेटवर फुंकर मारत जे खेळलो ते बहुतेक याच एनईएसचे नकली गेम होते. पाल, म्हणजे आपल्याकडच्या पद्धतीच्या टीव्हीसाठी बनलेल्या अशा गेममध्ये यूए६५२७पी (सीपीयू) आणि यूए६५३८ (पीपीयू) ही जोडी अनेकदा सापडते. पाय तेवढेच, म्हणून लोक बिनधास्त अमेरिकन पद्धतीच्या बोर्डावर बसवतात. त्या बोर्डावरचा क्रिस्टल, म्हणजे चिपांना ठोके देणारा भाग, २१.४७७ मेगाहर्ट्झचा. मूळ २ए०३ त्याला १२ ने भागून १.७९ वर चालतो. यूए६५२७पी भागतो १५ ने, कारण त्याची अपेक्षा २६.६ची असते. म्हणजे १.७७ ऐवजी १.४३. गेम पाचव्या हिश्श्याने मंद, सूर खाली घसरलेले, आणि टीव्हीला सेकंदाला ५० ऐवजी ४० चित्रं. रंगाचा तर प्रश्नच नको. मी दोन रविवार सोल्डर तपासत बसलो होतो. दोष सोल्डरमध्ये नव्हताच. क्रिस्टल बदला, आणि दोन्ही चिपा जोडीनेच हलवा. एक इकडची, एक तिकडची असा संसार जमत नाही.

(बोर्डावर चिपेच्या जागी काळा डांबरासारखा ठिपका असेल तर विषयच संपला. आतली सिलिकॉनची कपची थेट बोर्डाला जोडलेली असते. ती उचलून दुसरीकडे नेता येत नाही.)

‘हॉट एअरने दोन मिनिटांत.’ हे पाय बोर्डाच्या आरपार गेलेले असतात. वरून गरम हवा मारून चिप भाजते, खालचं सोल्डर तसंच. प्रत्येक भोकात आधी ताजं सोल्डर भरायचं, मग पंपाने ओढायचं, आणि एकेक पाय हलतोय का ते पाहायचं. ग्राउंडचा पाय हटकून अडतो, कारण तिथलं रुंद तांबं उष्णता पिऊन टाकतं. घाईत मी तोच ओढला आणि पाय मुळाशी मोडला. मग प्लास्टिक कानशीने घासून आतल्या धातूला तार जोडली. जुन्या बोर्डाचे पॅड, म्हणजे भोकांभोवतीची तांब्याची कडी, उखडले तर उखडू द्यावेत. वाचवायची आहे ती चिप. आणि नव्या बोर्डावर चिप थेट सोल्डर करू नका, ४० पायांचा आयसी बेस (चिप खोचायचा सॉकेट) लावा. पुण्यात तपकीर गल्लीत सहज मिळतो.

पाचशे रुपयांबद्दल एवढंच, की ती किंमत कोऱ्या बोर्डाची. कॅसेटचा कनेक्टर, बेस, कपॅसिटर हे सगळं वेगळं. प्रत्येक चिपेच्या पाच व्होल्टच्या पायाला चिकटून ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवाच, तो दूर बसवला की गेम मधेच अडकू शकतो.

चालू असलेला गेम मात्र कृपया यासाठी फोडू नका. जुन्या बाजारात रविवारी गंजलेले, सडलेले सापडतात, ते घ्या. आणि त्यांचा बोर्ड भंगारात? माझा अर्धा बोर्ड अजून बिस्किटांच्या डब्यात आहे. परवाच त्यातला ३७३ काढून शेजारच्या पोराच्या गेमला लावला.