एलटीओ-8 ड्राइव्हच्या मंद वेगाबाबतच्या अभिप्रायास उत्तर

महोदय,

आमच्याकडून घेतलेला एलटीओ-8 ड्राइव्ह, म्हणजे चुंबकीय टेपवर बॅकअप लिहिणारे यंत्र, सेकंदाला 300 एमबीऐवजी जेमतेम 40 एमबी लिहितो, टेप सारखी मागेपुढे होते आणि विचारणा केल्यावर ‘नेटवर्क तपासा’ एवढेच उत्तर मिळाले, असे आपण लिहिले आहे. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. ड्राइव्ह सदोष आहे, हा निष्कर्ष मात्र मला मान्य नाही, कारण आमच्या तंत्रज्ञाने आपल्याच सर्व्हरवर मेमरीत तयार केलेला, कॉम्प्रेस न होणारा डेटा थेट लिहून पाहिला तेव्हा वेग 300 च्या जवळ गेला होता.

अडचण डेटा पोहोचण्यात आहे. डेटा हळू आला तर ड्राइव्ह आपला वेग कमी करतो; पण या ड्राइव्हला साधारण 100 एमबीच्या खाली उतरता येत नाही. त्याहून कमी डेटा आला की बफर (ड्राइव्हमधली तात्पुरती साठवण) रिकामा होतो, वेगात असलेली टेप जागीच थांबू न शकल्याने पुढे जाते, मग मागे येऊन पुन्हा सुरू होते. आपण ऐकता तो आवाज याचाच आहे, आणि त्यात वेळेबरोबर टेपवर लिहिणारे हेड व टेप दोन्ही झिजतात, म्हणून आपली तक्रार मी किरकोळ मानत नाही.

आपल्या सर्व्हरवर लाखो लहान फाईली आहेत. प्रत्येक फाईल शोधून उघडण्यातच हार्ड डिस्कचा वेळ जातो. गिगाबिट नेटवर्कमधून फार तर 110 एमबी मिळतात हे खरे, पण नेटवर्क दसपट केले तरी या फाईली वेगाने वाचल्या जाणार नाहीत. आमचे उत्तर म्हणूनच अपुरे होते. बॅकअप कोठेही न लिहिता नुसता वाचून मूळ डेटाचा वेग मोजणे, हे काम विक्रीपूर्वी आम्हीच करायला हवे होते. ते केले नाही, याबद्दल मी क्षमा मागतो.

यावर उपाय म्हणजे बॅकअप आधी एसएसडीवर साठवून तेथून मोठ्या तुकड्यांत सलग टेपवर उतरवणे. ब्लॉक साइज (टेपवर एका वेळी लिहिल्या जाणाऱ्या तुकड्याचा आकार) 64 केबीवरून 256 केबी करावी; मात्र त्यानंतर एक जुनी टेप रिस्टोअर करून ती वाचता येते याची खात्री अवश्य करावी. कॉम्प्रेशन ड्राइव्ह स्वतः करतो, त्यामुळे सॉफ्टवेअरमधले बंद ठेवावे.

ही जोडणी आणि मोजणी आम्ही विनामूल्य करून देऊ. सर्व्हर मोकळा असेल ती वेळ कळवावी. तोपर्यंत बॅकअप थेट टेपवर न घेता डिस्कवर घ्यावेत, ही विनंती.