मामांच्या गाडीचा ईसीएम गेलाच नव्हता

‘मेकॅनिक जे सांगत नाही’ अशा मथळ्याचा एक लांबलचक संदेश गेल्या महिन्यात आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आला. जुन्या गाडीचा ईसीएम, म्हणजे इंजिनाचा संगणक, बिघडला आहे हे घरच्या घरी कसे ओळखावे आणि तो कसा बदलावा, हे त्यात छातीठोकपणे सांगितले आहे. इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढा, गाडी बंद पडली तर ईसीएम गेला. डॅशबोर्डवरचा चेक लाइट, म्हणजे इंजिनातील बिघाड दाखवणारा दिवा, जात नसेल तरी ईसीएमच गेला. त्याच मॉडेलचा कोणताही जुना ईसीएम आणा, कपलर, म्हणजे वायरींना जोडणारा प्लग, बसला म्हणजे तो चालणारच. बॅटरी अर्धा तास काढून ठेवली की तो तुमची चावी आपोआप शिकतो. मोबाइलला जोडायचा स्वस्त स्कॅनर प्रत्येक गाडीला चालतो. आणि शोरूमवाले लुटतात. असे संदेश मी एरवी वाचून सोडून देतो. हा सोडता आला नाही, कारण नाशिकच्या सिडकोत राहणाऱ्या माझ्या मामांनी तो वाचून रविवारी सकाळी दहा नंबरचा पाना हाती घेतला.

मामांची पेट्रोल गाडी २००७ सालची, नाशिकच्याच पासिंगची. पावसाळ्यापासून ती सकाळी सेल घ्यायची, पण चालू होईलच असा भरवसा नसे. संदेशात सांगितल्याप्रमाणे त्यांनी चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढली, गाडी दोन आचके देऊन बंद पडली, आणि ‘ईसीएम गेला’ असा निकाल लागला.

संदेशातील सर्वांत घातक सल्ला हाच आहे. चालू इंजिनावर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनाने फिरणारा जनरेटर, जी वीज तयार करतो तिच्यातील चढउतार बॅटरी झेलत असते. वायर एकाएकी काढली की तो भार नाहीसा होतो, परंतु अल्टरनेटरच्या रोटरमधील, म्हणजे फिरत्या भागातील, चुंबकक्षेत्र त्याच क्षणी ओसरत नाही, आणि त्यामुळे सेकंदाच्या काही अंशापुरता विजेचा दाब चौदा व्होल्टवरून कितीतरी वर उसळतो. याला लोड डंप म्हणतात. वाहनांतील इलेक्ट्रॉनिक भागांच्या चाचण्या ज्यानुसार होतात त्या आयएसओ १६७५०-२ या मानकात, बारा व्होल्टच्या गाडीत ही उसळी दाबणारी व्यवस्था नसेल तर तिचा आकडा ७९ ते १०१ व्होल्ट धरलेला आहे. अल्टरनेटरमध्ये संरक्षक डायोड असले तर ती बरीच कमी राहते, हे खरे; पण इतक्या जुन्या गाडीत ते शाबूत आहेत याची हमी हा संदेश लिहिणारा देणार आहे काय? हा दाब वायरिंगला जे जे जोडलेले आहे तिथे जातो, आणि त्यात तो ईसीएमही आला, ज्याची प्रकृती तपासण्यासाठी हा उपद्व्याप चालला होता. शिवाय गाडी बंद पडली वा न पडली, तरी त्यावरून फार तर अल्टरनेटरबद्दल काही अंदाज बांधता येईल. ईसीएमबद्दल काहीही नाही. ही युक्ती कार्बोरेटरच्या काळातील आहे, जेव्हा गाडीत जळण्याजोगा संगणकच नव्हता. मामांचा ईसीएम वाचला, टेप मात्र गेला.

चेक लाइटचा मुद्दा थोडक्यात आटोपतो. चावी ‘ऑन’ केल्यावर, इंजिन चालू होण्याआधी, हा दिवा लागलाच पाहिजे आणि इंजिन चालू झाल्यावर विझला पाहिजे. तो विझत नसेल तर ईसीएम कसली तरी तक्रार नोंदवतो आहे, म्हणजे तो जागा आहे. संशय घ्यायचा तो दिवा ‘ऑन’लाही लागत नसेल तेव्हा, आणि तेव्हाही आधी बल्ब, फ्यूज, मेन रिले (ईसीएमला वीज देणारा स्विच) आणि अर्थ, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतणारी जोडणी, पाहायचे असतात.

मामांच्या गाडीचे सर्व्हिस मॅन्युअल मी बारकाईने वाचले. त्यात बिघाड शोधण्याचा जो क्रम दिला आहे, त्यात आधी ईसीएमला वीज आणि अर्थ पोहोचते का हे तपासायला सांगितले आहे, मग सेन्सर आणि वायरिंग; दुसरा, चालत असल्याची खात्री असलेला ईसीएम लावून पाहणे ही अगदी शेवटची पायरी आहे. आमचा संदेश तिथूनच सुरुवात करतो. मी मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी ईसीएमच्या अर्थच्या वायरीला लावून मामांना सेल मारायला सांगितले. या दोन टोकांत ०.१ व्होल्टहून अधिक फरक दिसू नये; तिथे १.८ दिसला. इंजिनावरून बॉडीला येणाऱ्या अर्थच्या वायरीचा बोल्ट गंजून हिरवट झाला होता. पॉलिश पेपरने घासून तो पुन्हा आवळला आणि मूळ ईसीएमवरच गाडी पहिल्या सेलला चालू झाली. अर्थ ठीक असती तर पुढे सेन्सरना जाणारे पाच व्होल्ट पाहिले असते. ते मिळत नसतील तर सेन्सरचे कपलर एकेक करून काढायचे, कारण एखादा शॉर्ट झालेला सेन्सर तो दाब खाली ओढतो आणि चांगला ईसीएम मेल्यासारखा दिसतो.

परंतु हे सारे होण्यापूर्वीच मामांनी मुंबईतील कुर्ल्याहून ओळखीच्या माणसाकरवी साडेचार हजारांचा जुना ईसीएम मागवला होता. डबा सारखा, कपलर सारखे. तो लावल्यावर इंजिन दोन सेकंद धरायचे आणि विझायचे, आणि डॅशबोर्डवर चावीच्या चिन्हाचा दिवा लुकलुकत राहायचा. हा इमोबिलायझर होय. चावीतील चिपचा संकेत ईसीएममध्ये नोंदलेला नसेल तर ईसीएम इंजिन चालू देत नाही, आणि ही नोंद वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत असते. बॅटरी अर्धा तासच काय, आठवडाभर काढून ठेवली तरी ती पुसली जात नाही. ती स्कॅनरने रीतसर करावी लागते. बॅटरी काढल्याने अनेक जुन्या गाड्यांत आयडलिंग आणि पेट्रोलच्या प्रमाणाविषयी ईसीएमने शिकलेले पुसले जाते आणि तो ते नव्याने शिकतो, एवढे अर्धसत्य मी मनाविरुद्ध मान्य करतो. मात्र त्याबरोबर जमा झालेले फॉल्ट कोडही, म्हणजे बिघाडांच्या नोंदी, पुसले जातात, ज्यांची मेकॅनिकला सर्वाधिक गरज असते.

बरे, चावी जुळली असती तरी तो ईसीएम त्या गाडीचा होता का? १ एप्रिल २००५ पासून मुंबई-पुण्यासह अकरा शहरांत बीएस-३ (भारत स्टेज) हे धुराच्या प्रदूषणाचे मानक लागू झाले, नाशिकसह उरलेल्या देशात बीएस-२. बीएस-३ सर्वत्र यायला २०१० उजाडले. त्यामुळे २००७ सालच्या, एकाच नावाच्या, मुंबईच्या आणि नाशिकच्या गाडीत सेन्सर आणि ईसीएम वेगळे असू शकतात. ओळख पटवायची ती लेबलावरील क्रमांकाने. सुझुकीच्या ईसीएमचा क्रमांक साधारणपणे ३३९२० ने सुरू होतो, ह्युंदाईचा ३९११० ने. हे आकडे केवळ ‘हा ईसीएम आहे’ एवढेच सांगतात. खरी ओळख त्यापुढील आकड्यांत आणि अक्षरांत असते. बॉशच्या लेबलावर ०२६१ म्हणजे पेट्रोल, ०२८१ म्हणजे डिझेल. मामांच्या दोन डब्यांचे पहिले पाच आकडे जुळत होते, पुढचे नाही.

स्वस्त स्कॅनरविषयी इतकेच, की भारतात ओबीडीची, म्हणजे स्कॅनरला बिघाड वाचून दाखवणाऱ्या गाडीतल्याच यंत्रणेची, सक्ती बीएस-४ बरोबर आली, पहिला टप्पा २०१० मध्ये आणि दुसरा २०१३ मध्ये. त्याआधीच्या गाडीत सोळा पिनांचे सॉकेट असले तरी त्यातून कंपनीची स्वतःचीच भाषा चालत असण्याची शक्यता मोठी आहे. म्हणून ‘कनेक्ट होत नाही’ याचा अर्थ ‘ईसीएम गेला’ असा होत नाही.

उरला लुटण्याचा मुद्दा. अर्थची वायर न तपासता थेट नव्या ईसीएमचे कोटेशन देणारे लोक असतात, हे मी नाकारत नाही, आणि खरोखर गेलेल्या ईसीएमच्या जागी जुना बसवणे यातही काही गैर नाही. पण मग लेबलाचा फोटो आधी मागवा, शेवटच्या अक्षरापर्यंत क्रमांक जुळवा, आणि शक्य असेल तर त्याच गाडीचा इमोबिलायझर आणि चावीची चिप असा पूर्ण सेट घ्या. बसवण्याआधी कॉइल (प्लगला ठिणगी देणारी) आणि इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा) यांचा रेझिस्टन्स मॅन्युअलमधील आकड्याशी ताडून पाहा. इंजेक्टरचा बहुधा १२ ते १६ ओम असतो. शॉर्ट झालेल्या कॉइलने पहिल्या ईसीएममधील तिला चालवणारा भाग, म्हणजे ड्रायव्हर, जाळला असेल, तर ती दुसऱ्याचाही जाळेल. कुर्ल्याच्या दुकानदाराने डबा परत घ्यायला नकार दिला आहे, आणि मामांनी तो आता विकायला काढला आहे. लेबलाचा फोटो मी त्यांना काढून दिला आहे, सर्व आकडे दिसतील असा.