आमच्यात झुरळं नाहीत!

गेल्या रविवारी अंबाबाईचं दर्शन करून पुण्याचे पाहुणे आमच्यात जेवायला आले. तांबडा-पांढरा वाढलेला, आणि मिक्सरखालून एक झुरळ निवांत बाहेर आलं. मानेवर दोन काळे पट्टे, मागं अंड्यांची डबी लटकलेली. चटणीच्या बरणीवर चढून त्यानं मिशा हलवल्या. पाहुणे म्हणाले, "बास, पोट भरलं." कोल्हापुरात पहिल्याच वाटीला पाहुणा बास म्हणतो! तेव्हाच ठरवलं, आता झुरळं मारायची नाहीत, रीतसर पाळायची. तुम्हीही पाळा.

आधी जात ओळखा. जगात झुरळांच्या साडेचार हजारांवर जाती आहेत. बहुतेक बिचारी रानात पालापाचोळा खाऊन गुमान जगतात, माणसाच्या घरात घुसणाऱ्या जेमतेम तीस. मोरीतलं मोठं तांबूस ते 'अमेरिकन', मूळचं आफ्रिकेचं. स्वयंपाकघरातलं बारकं ते 'जर्मन'. हे नाव १७६७ साली लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञानं दिलं, पण २०२४ साली जनुकं तपासल्यावर कळलं की हे बेणं भारत-म्यानमारकडचं, साधारण २,१०० वर्षांपूर्वी आशियाई झुरळापासून फुटलेलं. म्हणजे घरचंच माणूस. संकोच कसला?

खरकटी भांडी रात्रभर सिंकमध्ये राहू द्या.

चप्पल घेऊन धावू नका. त्याच्या बुडाशी दोन काटे असतात, त्यांवरच्या बारीक केसांना तुमच्या चपलेचा वारा आधी लागतो. आणि मुंडकं उडालं तरी ते आठवडाभर जगतं, कारण श्वास अंगावरच्या भोकांतून चालतो. डोक्याशिवाय कारभार कसा चालतो हे सोसायटीच्या मीटिंगला आलेल्यांना मी काय सांगू?

गोड आमिषातलं विष ठेवून बघायचं असेल तर बघा. अमेरिकेत ठेवलं, तर काही ठिकाणी त्यातली ग्लुकोज साखर कडू लागणारी झुरळंच तेवढी उरली.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पेस्ट कंट्रोल एकट्यानंच करायचं! बारा फ्लॅट, एक डक्ट, ड्रेनेजची एकच लाइन, तरी फवारणी फक्त आपल्या घरात. मी जानेवारीपासून तीनदा केली. प्रत्येक वेळी दारोदार जाऊन म्हटलं, वर्गणी काढू, सगळी बिल्डिंग एकदम करू. उत्तर ठरलेलं, "आमच्यात नाहीत हो झुरळं." एक काकू हे सांगत होत्या तेव्हा त्यांच्या उंबऱ्यावरून एक आत गेलं. दुसरे म्हणाले, तुमच्यात मटण फार होतं, त्यामुळं येतात. अहो, त्याला साबण चालतो, डिंक चालतो, पुस्तकाची बांधणी चालते, त्याला कसला शाकाहार! आणि ती डबी बघितली का कधी? एका डबीत तीस-चाळीस पिल्लं. मादी ती पिल्लं निघायच्या बेतापर्यंत अंगालाच चिकटवून फिरते. माझ्याकडं फवारलं की ती डक्टातून बाळंतपणाला तुमच्यात येते, आणि महिन्याभरानं लेकुरवाळी होऊन परत माझ्या मिक्सरखाली.

बास झाली थट्टा. जरा लाजा वाटू द्या. डक्टात चहाचा चोथा, अंड्याची टरफलं, पोरांचे डायपर टाकता. रोज सकाळी घंटागाडी दारात येते, दोन जिने उतरायला पाय मोडतात? झुरळांची विष्ठा आणि टाकलेल्या कातीचा भुगा श्वासातून जातो, त्यानं दमा उठतो. तळमजल्यावरच्या पोराला रात्री पंप लागतो. सांगा की त्याच्या आईला, आमच्यात नाहीत म्हणून!

बाराही फ्लॅट एकाच दिवशी, आणि डबीतली पिल्लं निघाली की परत एकदा. माणशी खर्च दोघांच्या मिसळीएवढा.

रविवारी सकाळी दहाला गच्चीवर या. आणि येताना डक्टाची किल्ली आणा. कुणाकडं आहे ते मला माहीत आहे.