सीपीयूला गाऱ्हाणं घालण्याचा विधी

बटण दाबलं आणि काहीच झालं नाही, तर तेच बटण आणखी वीस वेळा दाबा. दर वेळी जोर वाढवत न्या. मग पडवीत येऊन शेजाऱ्याला विचारा, ‘लाइट आसा मां?’ त्याच्याकडे आहे म्हणजे दोष तुमच्या संगणकाचाच, हे सिद्ध झालं.

भिंतीवरचा पॉइंट तपासू नका. अगदीच राहवलं नाही तर टेस्टर लावा. तो पेटला की विषय संपला. टेस्टरला नुसता फेज, म्हणजे वीज आणणारी तार, पुरतो; संगणकाला ती परत नेणारा न्यूट्रलही लागतो. खाऱ्या हवेने हिरवट पडलेल्या स्क्रूखालची न्यूट्रलची तार सुटली असली, तरी टेस्टर इमानाने पेटतोच. त्याच पॉइंटात टेबललॅम्प लावून बघितला तर एका मिनिटात उलगडा होईल, आणि मग दिवसभर करायचं काय? सीपीयूच्या मागे, जिथे जाड वायर घुसते तिथे, एका बाजूला रेघ आणि दुसऱ्या बाजूला शून्य असलेलं बटण असतं. गणपतीत मखराची माळ लावताना कुणी ते शून्यावर केलं असेल, तर देवाची इच्छा.

आता दुरुस्ती करणाऱ्याला फोन. ‘चालू होत नाही’ एवढंच सांगा. पंखा फिरतोय पण स्क्रीन काळा, की पंखासुद्धा हलत नाही, या फालतू चौकशीला उत्तर देऊ नका. पहिल्या प्रकारात बहुतेकदा रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, काढून, तिच्या सोनेरी पट्ट्यांवर साधा खोडरबर फिरवून, दोन्ही बाजूंच्या खटक्यांचा आवाज येईपर्यंत दाबून बसवली की भागतं. दुसऱ्या प्रकारात रॅम घासून रबर संपलं तरी उपयोग नाही. पण घासा. हात रिकामे बरे दिसत नाहीत.

आर्थिंगचा विषय निघालाच तर हसून सोडून द्या. प्लगची तिसरी जाड पिन बोर्डात जात नसेल तर पक्कड घेऊन मोडा. मग कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागताच मुंग्या येतील. त्या येतात एसएमपीएसमधल्या, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यातल्या, फिल्टरच्या कपॅसिटरमुळे. ते गळकी वीज जमिनीत सोडायला बघतात आणि जमिनीची वाट तुम्ही मोडलेली असते. उपाय सोपा: रबरी चपला घालून बसा. आर्थिंगचा खड्डा असलाच, तर चिऱ्याची जमीन मे महिन्यात सुकून ठणठणीत होते तेव्हा त्यात बादलीभर पाणी ओतू नका. पाणी झाडांना घालायचं असतं. वळवाच्या विजा सुरू झाल्या की प्लग काढाल एक वेळ. इंटरनेटची तांब्याची वायर मात्र मागे खोचलेलीच असू द्या. विजेला यायला एक दार उघडं हवं.

पावसाळ्यात जून ते सप्टेंबर संगणक लावूच नका. प्लास्टिकच्या कव्हरात बांधून कोब्यावर ठेवा. कोबा घाम सोडतो, कव्हर तो आत धरून ठेवतं, आतल्या मदरबोर्डावर बसलेलं मीठ ती ओल पितं आणि दोन पिनांच्या मध्ये नको तिथून वीज झिरपू लागते. रोज अर्धा तास चालवला असता तर आतल्या उबेने ओल हटली असती, शिवाय पालीने तिथे संसारही थाटला नसता.

एवढ्यावरही जीव आला नाही, तर एसएमपीएसचा डबा उघडून बोट घाला. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टच्या वर दाब उरलेला असू शकतो. गाऱ्हाणं घालायला ‘व्हय महाराजा’ म्हणणारी दोन माणसं जवळ ठेवा. हा डबा न उघडता तपासायची भित्री पद्धतही आहे. प्लग काढायचा, 24 पिनांचा कनेक्टर मदरबोर्डावरून सोडवायचा, त्यातली हिरवी आणि कुठलीही काळी तार पेपरक्लिपने जोडायची आणि मग वीज द्यायची. पंखा फिरला तर डबा निदान जिवंत आहे. मीटर असेल तर पिवळ्या तारेवर 11.4 ते 12.6 व्होल्ट मिळायला हवेत. डबा ठीक निघाला की संशय पुढच्या बटणावर. त्याची दोन पिनांची वायर बोर्डावरून काढून त्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर टेकवल्या आणि संगणक सुरू झाला, तर गंजलं होतं ते वीस वेळा दाबलेलं बटणच. इतकं स्वस्त निदान कुणाला सांगू नका, इज्जत जाईल.

सरळ मार्ग चाकरमान्यांचा. फणस, कोकमं आणि सीपीयू एकाच बोचक्यात बांधून रात्रीच्या गाडीने भाच्याकडे मुंबईला पाठवा. तिकडे पहिल्याच दाबाला संगणक सुरू होईल. भाचा फोनवरून तुम्हालाच चार गोष्टी शिकवेल. आठ दिवसांनी सीपीयू परत येईल, त्याच पॉइंटात लागेल आणि पुन्हा मुका होईल. ती सुटलेली न्यूट्रलची तार कुठे गेलीच नव्हती.