सात कोटींचं ग्रीन कार्ड

विषय बापूनेच काढला. सिन्नरकडची जमीन विकायची, आठ लाख डॉलर, म्हणजे सुमारे सात कोटी रुपये, अमेरिकेतल्या प्रकल्पात घालायचे आणि डॅलसला एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या मुलाला ईबी-५ या गुंतवणूकदारांसाठीच्या योजनेतून ग्रीन कार्ड मिळवून द्यायचं. एजंटला टोकन हवंय. चहा येईपर्यंत कट्ट्यावर दोन तट पडले.

शिरीष बापूच्या बाजूने. "नोकरीच्या कोट्यात भारतीयांची रांग कुठवर गेलीय माहितीये ना? नोकरी गेली की साठ दिवसांत दुसरी शोधा, नाहीतर गाशा गुंडाळा. ईबी-५चे २० टक्के व्हिसा ग्रामीण प्रकल्पांसाठी राखीव आहेत. पोरगा तिथेच आहे, सोबत वर्क परमिटही मागता येतं. बापाकडे आहे तर का द्यायचं नाही?"

मुद्दा खोटा नव्हता. त्या पोरांची घालमेल आम्ही सगळेच फोनवर ऐकतो.

अण्णा बँकेतून निवृत्त झालेले. "बापू, पाठवणार कसे? परदेशी पैसे पाठवायच्या एलआरएस योजनेत माणशी आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर. तू आणि वहिनी मिळून पाच. म्हणजे अर्धे मार्चमध्ये, उरलेले एप्रिलमध्ये. वर दहा लाख रुपयांपुढे २० टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक कापून घेते तो आगाऊ कर. सात कोटींवर सव्वा कोटीच्या वर जातात. रिटर्न भरल्यावर हिशेबात येतात, पण तोवर आणायचे कुठून?"

"आणि जमिनीचा व्यवहार सगळा चेकने होतोय का?" मी विचारलं. बापू गप्प.

इथेच खरी गोम आहे. अमेरिकन अधिकाऱ्याला प्रत्येक डॉलरचा माग लागतो: सातबारा, फेरफार, खरेदीखत, इंडेक्स टू, बँकेचा उतारा, भांडवली नफ्यावरचा कर. रोखीत घेतलेली रक्कम त्यात दाखवता येत नाही. बापूच्या सातबाऱ्यावर तर अजून दोन चुलतभावांची नावं आहेत, हक्कसोड झालेलं नाही.

"एजंट म्हणतो, पाच वर्षांनी मुद्दल परत, लेखी देतो," बापू म्हणाला.

मग मात्र माझा आवाज चढला. अरे, कायद्यानेच हा पैसा जोखमीवर असावा लागतो! परतीची हमी लिहून घेतलीस तर त्याच कागदावर अर्ज नाकारला जाईल. प्रत्येक गुंतवणुकीमागे दहा पूर्णवेळ नोकऱ्या उभ्या राहाव्या लागतात. आधी दोन वर्षांचं सशर्त कार्ड मिळतं. नोकऱ्या झाल्या नाहीत तर कार्डही अडकतं आणि पैसेही. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातलं 'जे पीक' नावाचं ईबी-५ प्रकरण आठवा. तिथे बायोटेक कारखान्याच्या नावाने माणशी पाच लाख डॉलर घेतले, कारखाना उभाच राहिला नाही. २०१६ साली एसईसीने, म्हणजे तिथल्या शेअर बाजार नियामकाने, खटला भरला, पुढे प्रवर्तक तुरुंगात गेले. नुकसान झालं ते गुंतवणूकदारांचं.

शिरीष म्हणाला, "म्हणूनच २०२२मध्ये कायदा कडक केला. आणि ३० सप्टेंबर २०२६पर्यंत अर्ज गेला तर पुढे योजना बंद पडली तरी संरक्षण आहे."

बरोबर आहे. पण त्याच कायद्याने दलालाचं कमिशनही गुंतवणूकदाराला लेखी सांगायला लावलंय. बापूच्या एजंटने ते अजून सांगितलेलं नाही.

"मग दुबई, पोर्तुगाल?" कुणीतरी मागून. दुबईत २० लाख दिरहमच्या घरावर दहा वर्षांचा व्हिसा मिळतो, तो कायमचा नाही. पोर्तुगालने २०२३मध्ये घरखरेदीचा रस्ता बंद केला, स्पेनने २०२५मध्ये योजनाच गुंडाळली. शिवाय पोरगा डॅलसला. त्याला लिस्बनचं काय करायचंय?

"आणि आमचं?" बापूने हळूच विचारलं. आईवडिलांना यातून काही मिळत नाही. कार्ड मुलाला, त्याच्या बायकोला आणि २१च्या आतल्या अविवाहित मुलांना. तो नागरिक झाला की मगच आईवडिलांसाठी अर्ज करू शकतो आणि त्याला कार्डानंतर साधारण पाच वर्षं लागतात.

माझं म्हणणं एवढंच, की याला गुंतवणूक समजू नये. ही किंमत आहे. वीस कोटी असते तर मी चकार शब्द काढला नसता. पण बापूचं दुकान बंद झालंय, पेन्शन नाही, वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन डोक्यावर आहे, आणि ती जमीन हीच सगळी म्हातारपणाची पुंजी. मुलगा चौतिशीतला, त्याला कमवायला वर्षं आहेत. तो अर्धा भार कर्जाने उचलत असेल तर बोलू.

शिरीषला पटलं नाही. "पोराच्या आयुष्यापुढे जमीन काय?" तो तावातावाने म्हणाला.

टोकन तूर्त थांबवलंय. प्रकल्पाचा माहितीदस्त बापूने मागवला आहे. रविवारी अण्णा आणि मी त्यातलं जोखमीचं प्रकरण आधी वाचणार आहोत, आणि मुलाने एजंटशी संबंध नसलेला वकील तिकडे बघावा, असं त्याला कळवलंय.