४४० नाझींचा? मग विवाल्डीच्या व्हेनिसचं काय?

गेली काही वर्षं एक दावा सतत पसरवला जातो आहे. गोषवारा असा: बाख-विवाल्डी या अठराव्या शतकातल्या युरोपीय संगीतकारांच्या काळी सगळं संगीत ४३२ हर्ट्झच्या सुरात लावलं जाई (म्हणजे ज्या ‘ए’ स्वरावर वाद्यं जुळवतात तो सेकंदाला ४३२ कंपनांचा), इटालियन कारागीर स्ट्रॅडिव्हरीची व्हायोलिनंही त्याच सुरासाठी घडवलेली होती. १९३९ साली नाझी प्रचारमंत्री गोबेल्सच्या सांगण्यावरून जगावर ४४० लादलं गेलं. ४३२ मात्र निसर्गाचा, ओंकाराचा सूर. बरोक, म्हणजे त्या काळातलं युरोपीय संगीत, मी जीव लावून ऐकतो. या दाव्याने त्या संगीताचा इतिहास पार सपाट होतो, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘सगळं ४३२ला’ हे तर मुळातच चूक. त्या काळी सर्वांचा मिळून एक सूर नव्हताच. तार हवी तशी चढवता-उतरवता येते, पण बासरीची किंवा ऑर्गनच्या नळीची लांबी ठरलेली असते. त्यामुळे टिकून राहिलेली अशी वाद्यं खरी साक्ष देतात. फ्रेंच ऑपेराचा ‘ए’ साधारण ३९२, जर्मनीतल्या वाद्यवृंदांचा ४१५च्या आसपास, तिथल्याच चर्चमधल्या ऑर्गनचा ४६५च्या जवळ. लाइपझिगमध्ये ऑर्गन इतरांपेक्षा एक पूर्ण स्वर चढा असल्यामुळे बाख ऑर्गनवादकाची पानं तेवढ्याच खालच्या पट्टीत लिहून घेई. ती पानं आजही आहेत. त्यांचाच समकालीन संगीतकार हँडेल याच्या नावाने ओळखला जाणारा १७५१चा ट्यूनिंग फोर्क (ठरावीक सूर देणारा चिमटा) ४२२.५ दाखवतो. आणि व्हेनिस? तिथल्या जुन्या वाद्यांवरून अभ्यासक जो सूर मानतात तो ४४०च्या आसपासचा. ज्या आकड्यावर नाझींचा शिक्का मारला जातो, तो विवाल्डीच्या गावचा निघतो!

आज जुन्या वाद्यांवर वाजवणारे वाद्यवृंद बहुधा ४१५ला लावतात, तीही विसाव्या शतकातली सोय आहे. ४४०हून तो बरोबर अर्धा स्वर खाली येतो, त्यामुळे हार्पसिकॉर्ड या पियानोसारख्या जुन्या वाद्याच्या पट्ट्या एक घर सरकवल्या की दोन्ही सूर एकाच वाद्यावर मिळतात. विवाल्डीसाठी ४४० आणि फ्रेंच रचनांसाठी ३९२ घेणारेही बरेच आहेत.

आता स्ट्रॅडिव्हरी. व्हायोलिनला स्वतःचा ठरलेला सूर नसतो, खुंटी पिळाल तसा तो बदलतो. स्ट्रॅडिव्हरी १७३७ साली वारला आणि पुढे त्याची जवळजवळ सगळी व्हायोलिनं उघडून बदलली गेली. माना लांब आणि तिरक्या झाल्या, आतली आधारपट्टी जाड झाली. जुन्या पद्धतीचे वादक हेच बदल उलटे फिरवतात: आखूड मान, बाहेरच्या बाजूला किंचित कमानदार गज, आणि सारंगीमुळे आपल्या ओळखीची असलेली तात, म्हणजे आतड्याची तार. तीच तार ४४०वरून ४१५ला उतरवली की तिचा ताण सुमारे ११ टक्क्यांनी कमी होतो. तो मऊ, थोडा खरखरीत, बोलल्यासारखा आवाज यातून येतो. ४३२ आणि ४४० यांत मात्र जेमतेम अर्ध्या स्वराच्या तिसऱ्या हिश्शाचा फरक. शिवाय दिव्यांच्या उष्णतेने आणि हवेतल्या ओलाव्याने तात हलते, म्हणून कॉन्चेर्तोच्या (एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांच्या रचनेच्या) दोन भागांमध्ये थांबून पुन्हा सूर लावावा लागतो. हे थांबणं मला त्या मैफलीचाच भाग वाटतं.

ओंकाराचं थोडक्यात. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं, आणि सेकंद माणसाने ठरवलेला. दिवसाचे भाग वेगळे पाडले असते तर त्याच सुराचा आकडा बदलला असता. आपल्याकडे तर षड्ज गळ्याप्रमाणे ठरतो. कुणी काळी एकला गातो, कुणी काळी पाचला, आणि तंबोरा त्याप्रमाणे जुळवतात. तो षड्ज काही कुणी बेसूर म्हणत नाही.

राहिलं १९३९. ४४० ठरवणारी बैठक झाली लंडनमध्ये. ४४०ची शिफारस शाइब्लर या जर्मन संशोधकाने १८३४ सालीच स्टुटगार्टला केली होती. लंडनमध्ये प्रश्न होता रेडिओ प्रसारणाचा. सेकंदाला दहा लाख कंपनं देणाऱ्या स्फटिकापासून ४४० सहज काढता येई: हजाराने भागा, ११ने गुणा, २५ने भागा. इंग्लंडमध्ये रुळलेला ४३९ ही मूळ संख्या, तो असा निघेना.

४३२ला खरोखर पाठिंबा दिला तो वेर्दी या इटालियन ऑपेराकाराने, १८८४ साली, विवाल्डीच्या मृत्यूनंतर १४३ वर्षांनी. वाद्यवृंदांचा सूर चढत चालला होता आणि गायकांचे गळे ताणले जात होते. ती तक्रार रास्त होती, आणि तिच्यात निसर्गाचा सूर कुठेच नव्हता.